अस्वल बघून झालं, आता कचऱ्याचं बोला

२०२३ च्या उन्हाळ्यात चीनमधल्या हांगझोच्या झूमधल्या एका सन बेअरचा व्हिडिओ जगभर फिरला. मागच्या दोन पायांवर उभं राहून लोकांकडे बघणारं, मागं कातडीच्या सैल वळ्या पडलेलं ते अस्वल बघून लोकांनी ठामपणे सांगून टाकलं की हे अस्वल नाहीच, आत माणूस घुसलाय, आणि शेवटी झूला अस्वलाच्याच तोंडून खुलासा काढावा लागला की बाबांनो मी खरंच सन बेअर आहे. मग काय, गर्दी आणखी वाढली. जगात अस्वलाच्या जाती फक्त ८, त्यातली ही सगळ्यात लहान, आणि तिकीट काढून समोर उभ्या असलेल्या माणसालासुद्धा ती ओळखता येईना.

तेव्हा एखादं झू आणि एखादी संवर्धन संस्था मिळून अस्वलांबद्दल जागृती करणार असं ऐकलं की 'छान, व्हायलाच पाहिजे' असंच पटकन तोंडात येतं. माझ्याही येतं आणि ते मी मागे घेत नाहीये. पण ह्या कार्यक्रमांचं स्वरूप बघा, बहुतेक वेळा ठरलेलं असतं, अस्वलाचे मुखवटे, मुलांची चित्रकला स्पर्धा, एक सेल्फी पॉइंट, दोन्ही संस्थांचे लोगो असलेला बॅनर आणि 'अस्वलं वाचवा' अशी सामुदायिक शपथ. सगळं अस्वलावर प्रेम करायला शिकवणारं. आता मला सांगा, अस्वलावरचं प्रेम कमी कुठंय? जगातल्या निम्म्या पोरांच्या अंथरुणात ह्याच प्राण्याचं खेळणं असतं. प्रेम उदंड आहे तरी ८ पैकी ६ जाती आययूसीएन ह्या जागतिक निसर्गसंवर्धन संघटनेच्या यादीत 'व्हल्नरेबल' ह्या धोक्याच्या वर्गात आहेत. म्हणून माझं म्हणणं असं की अशा भागीदारीनं अस्वल किती गोड आहे हे सांगणं जवळजवळ बंदच करावं आणि माणसाच्या सवयींबद्दल बोलावं, म्हणजे उघडा कचरा, खायला घालणं, फोटोसाठी जवळ जाणं, पहाटे एकट्यानं रानात शिरणं असल्या कंटाळवाण्या गोष्टींबद्दल. आणि त्या सवयी बदलल्या का ते मोजावं. मोजायची तयारी नसेल तर बॅनरचा खर्च वाचवून तो पैसा सरळ जंगलातल्या कामाला द्यावा.

कंटाळवाण्या गोष्टी अस्वलाचा जीव कशा घेतात ह्याचं सगळ्यात स्पष्ट उदाहरण म्हणजे अमेरिकेतलं यलोस्टोन. आज ते संवर्धनाची काशी समजलं जातं, पण गेल्या शतकाच्या पूर्वार्धात तिथं हॉटेलांचं उष्टंखरकटं उघड्यावर टाकायचे आणि ते खायला येणारी ग्रिझली अस्वलं नीट दिसावीत म्हणून पर्यटकांसाठी चक्क बाकांच्या रांगा लावलेल्या होत्या, स्टेडियममध्ये असतात तशा. रस्त्याच्या कडेला काळी अस्वलं गाड्यांच्या खिडक्यांशी येऊन खायला मागायची आणि लोक हौसेनं घालायचे. १९३१ ते १९६९ ह्या काळात त्या पार्कात वर्षाला सरासरी ४८ माणसं अस्वलांमुळे जखमी होत होती. म्हणजे जवळीक भरपूर होती, अस्वल रोज दिसत होतं, लोकांना ते आवडत होतं, आणि तरीही (खरं तर त्यामुळेच) दोघांचंही वाटोळं चाललं होतं. मग १९७० च्या आसपास ते उकिरडे बंद करायचं ठरलं आणि एकदम बंद करायचे की हळूहळू ह्यावरून अस्वलांचा अभ्यास करणारे क्रेगहेड बंधू आणि पार्कचे अधिकारी ह्यांच्यात कडाक्याचं भांडण झालं, क्रेगहेड म्हणत होते की पिढ्यानपिढ्या कचऱ्यावर पोसलेली अस्वलं अशी अचानक उपाशी सोडली तर ती माणसांत घुसणार आणि मरणार. बरीचशी मेलीच. १९७५ मध्ये ग्रिझलीला कायद्याचं संरक्षण द्यायची वेळ आली तेव्हा त्या सगळ्या परिसरात जेमतेम १३६ उरली होती असा अंदाज आहे. आज ती हजाराच्या आसपास आहेत, आणि ह्यात कायद्याचा वाटा मोठा असला तरी अन्न कुलूपबंद ठेवायच्या सक्तीचा आणि अस्वलाला उघडता न येणाऱ्या डब्यांचाही आहे. 'खायला घातलेलं अस्वल म्हणजे मेलेलं अस्वल' असं तिकडचे वनरक्षक म्हणतात ते उगाच नाही. थंडीच्या आधी अस्वल अंगावर चरबी चढवायला दिवसाला २०,००० कॅलरीपर्यंत खाऊ शकतं, त्याचं नाक जबरदस्त असतं आणि कुठं काय मिळालं हे ते विसरत नाही, त्यामुळे एकदा डब्यात जेवण सापडलं की ते परत येणार, परत आलं की लोक घाबरणार, लोक घाबरले की फोन जाणार आणि शेवटी बंदूक येणार.

आता इथं कुणी म्हणेल की बरोबर आहे, म्हणून तर जागृती हवी, पत्रकं वाटा, लोकांना समजावून सांगा. मलाही आधी हेच तर्कशुद्ध वाटतं. पण कोलोरॅडोमधल्या ॲस्पेन गावात हे करून बघितलेलं आहे आणि त्याचा निकाल २०११ मध्ये प्रसिद्ध झालेला आहे. गावात काळी अस्वलं कचऱ्यासाठी येत होती, तेव्हा संशोधकांनी प्रयोगच लावला, काही ठिकाणी लोकांना जागेवर जाऊन समजावलं, निवासी भागात 'बेअर अवेअर' नावाची मोहीम चालवली, बाजारपेठेच्या भागात रोजची गस्त वाढवली आणि नियम मोडणाऱ्यांना लेखी समज दिली. मग लोक काय बोलतात ते विचारत न बसता डबे नीट बंद होतायत का, कचरा अस्वलाच्या तोंडी लागतोय का, हे प्रत्यक्ष जाऊन बघितलं. निष्कर्ष असा की समजावण्यानं वागणं बदलल्याचा फारसा पुरावा सापडला नाही. नुसत्या गस्तीचाही नाही. थोडा सापडला तो लेखी नोटिशीचा! म्हणजे माणसाला अस्वलाबद्दल सगळं समजतं, मान डोलावतो आणि रात्री डबा उघडा ठेवून झोपतो, पण दारावर नोटीस आली की कडी लागते.

त्याच राज्यातल्या डुरँगो गावात दुसऱ्या संशोधकांनी वेगळा रस्ता धरला. त्यांनी ठरावीक वस्त्यांत अस्वलाला उघडता न येणारे १,१०० च्या वर डबे वाटले आणि शेजारच्या तशाच वस्त्या तुलनेसाठी तशाच ठेवल्या. २०१८ मध्ये आलेल्या निकालानुसार डबे दिलेल्या भागात कचऱ्यावरून होणारे झगडे जवळपास ६० टक्क्यांनी कमी होते. अर्थात डबा देऊन भागत नाही, तो बंदही करावा लागतो आणि सगळे करत नाहीत, पण फरक तुम्हीच बघा.

ह्यावरून कुणी लगेच असा अर्थ काढेल की मग झूचा ह्यात काय संबंध, हे तर नगरपालिकेचं काम झालं. इथंच मला भागीदारी खरी उपयोगी वाटते, कारण झूकडे एक गोष्ट अशी आहे जी कुठल्याही संस्थेकडे नसते, ती म्हणजे जिवंत अस्वल, रोज हाताशी, तुम्हाला हवं तेव्हा. वेस्ट यलोस्टोनमध्ये ग्रिझली अँड वुल्फ डिस्कव्हरी सेंटर म्हणून एक जागा आहे, तिथली अस्वलं जंगलात परत सोडता न येणारी, त्यातली बरीचशी माणसांच्या अन्नाची चटक लागलेली. ह्या अस्वलांना तिथं नोकरी दिलीय म्हटलं तरी चालेल. कंपन्या आपले कचऱ्याचे डबे, कॅम्पिंगचे कूलर पाठवतात, आत खाणं भरून ते अस्वलांपुढे टाकतात, आणि अस्वलानं चावून, ओरबाडून, वर उड्या मारून प्रत्यक्ष ६० मिनिटं झटापट केल्यावरही तो फुटला नाही तरच तो पास. बघायला आलेल्या माणसाच्या डोळ्यांदेखत हे चालू असतं. पास झालेला डबा पुढं कुणाच्या तरी दारात जातो आणि तिथलं एखादं जंगली अस्वल त्याच्याशी झगडून, कंटाळून, परत जंगलात निघून जातं. 'अस्वलं वाचवा' लिहिलेल्या शंभर बोर्डांपेक्षा मला हा एक डबा जास्त पटतो, आणि गंमत म्हणजे मनोरंजनही त्यातच जास्त आहे.

ध्रुवीय अस्वलांच्या बाबतीत असंच एक काम पोर्टलंडच्या ओरेगॉन झूमध्ये झालं. तसुल नावाच्या मादीच्या गळ्यात हालचाल नोंदवणारी कॉलर घातली, ती चालतेय, पोहतेय, झोपलीय हे समोर दिसत असताना कॉलर काय नोंदवते ते जुळवून बघितलं, म्हणजे मग आर्क्टिकमध्ये बर्फावर कुठंतरी फिरणाऱ्या, कुणाला न दिसणाऱ्या अस्वलाच्या कॉलरमधल्या आकड्यांचा अर्थ अमेरिकी सरकारच्या शास्त्रज्ञांना लावता यावा. बंदिस्त प्राण्याचा असा उपयोग असेल तर त्याच्या बंदिवासाला निदान काहीतरी उत्तर आहे.

पण हे सांगताना दुसरी बाजू झाकायची नाही आणि अशा भागीदारीत नेमकी तीच झाकली जाते. ऑक्सफर्डच्या दोन संशोधकांनी २००३ मध्ये 'नेचर' ह्या विज्ञान नियतकालिकात दाखवून दिलं की ज्या मांसाहारी प्राण्यांचा जंगलातला वावर जितका लांबवर तितके ते पिंजऱ्यात जास्त बिघडतात, सारख्या येरझाऱ्या घालतात, त्यांची पिल्लंही जास्त मरतात, आणि ध्रुवीय अस्वलाला झूमध्ये मिळणारी जागा साधारणपणे त्याच्या किमान नैसर्गिक क्षेत्राच्या दहा लाखाव्या भागाएवढी असते. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्क झूमधला गस तर सतत आठच्या आकड्यात पोहत राहायचा म्हणूनच प्रसिद्ध झाला होता. अशा अस्वलासमोर संवर्धन संस्थेचा माणूस माइक घेऊन 'आर्क्टिकमधलं बर्फ वितळतंय' म्हणत असेल आणि मागं अस्वल भिंतीपासून भिंतीपर्यंत त्याच त्याच पावलांवर पाऊल टाकत असेल, तर समोरचं सहा वर्षांचं पोर नक्की काय शिकेल? ते विचारेल की हे असं का करतंय, आणि त्या प्रश्नाचं खरं उत्तर द्यायची परवानगी त्या माणसाला करारात आहे का, हे मला जाणून घ्यायला आवडेल.

प्रसिद्धी आणि जागृती ह्यात किती अंतर असतं ते बर्लिनच्या क्नूटनं दाखवून दिलंय. २००६ च्या डिसेंबरमध्ये जन्मलेलं हे ध्रुवीय पिल्लू, आईनं टाकलं, माणसानं बाटलीनं वाढवलं, आणि बघता बघता ते हवामानबदलाचं प्रतीक झालं. झूनं त्याच्या नावाचा ट्रेडमार्क घेतला, खेळणी निघाली, गर्दीचे विक्रम झाले. मग त्याचा बाप ज्यांच्या मालकीचा होता ते नॉयम्युन्स्टरचं झू कमाईत वाटा मागायला कोर्टात गेलं. २०११ मध्ये क्नूट लोकांच्या डोळ्यांसमोर झटका येऊन पाण्यात पडला आणि मेला, वय ४. ह्या सगळ्या धामधुमीत आर्क्टिकला काय मिळालं, हा प्रश्न कुणी विचारलाच तर तो रसभंग ठरला असता. त्या मानानं अलास्कातल्या कॅटमाई नॅशनल पार्कची 'फॅट बेअर वीक' मला कितीतरी सरळ वाटते, २०१४ पासून चालू आहे, ब्रुक्स नदीवर सामन खाऊन खाऊन लठ्ठ झालेल्या अस्वलांसाठी लोक घरबसल्या मतदान करतात, पिंजरा नाही, कुणी जवळ जात नाही, आणि नदी निरोगी असेल तरच अस्वल जाडं होतं हे न सांगता कळतं.

आता मुख्य अडचण, जी मला सगळ्यात जास्त खटकते. झूमध्ये येणारा माणूस आणि अस्वलाशी गाठ पडणारा माणूस हे बहुतेक वेळा वेगळे असतात. भारतातल्या स्लॉथ बेअरचं घ्या. वाळवी आणि मुंग्या शोषून खाणारं हे अस्वल, वरचे मधले दोन दात नसलेलं, पिल्लांना पाठीवर घेऊन फिरणारं, झूमध्ये फार प्रेमळ दिसतं. रानात मात्र ते अचानक समोर आलं तर पळून जाण्याऐवजी अंगावर येतं, कारण वाघाशी एकाच रानात राहायचं आणि झाडावर चढून वाचायची सोय नाही, तर आधी हल्ला करणं हेच त्याला जमतं. त्याच्या पंजाची झळ बसते ती मोहाची फुलं वेचायला पहाटे निघालेल्या बाईला, तेंदूपत्ता तोडणाऱ्याला, गुराख्याला. त्यांना 'अस्वल हा निसर्गाचा महत्त्वाचा घटक आहे' हे ऐकून काय करायचंय, त्यांना हवंय ते हे की एकटं जाऊ नका, बोलत जा, आवाज करत जा, झुंजुमुंजूला आणि तिन्हीसांजेला टाळा, समोर आलंच तर पळू नका, अंगावर आलं तर पालथं पडून मान हातांनी झाका. आणि जखमी झालात तर भरपाईचा अर्ज कुणाकडे करायचा. १२ ऑक्टोबर हा २०२२ पासून जागतिक स्लॉथ बेअर दिन म्हणून पाळतात, चांगलंच आहे, पण त्या दिवशीचा खर्च शहरातल्या झूच्या गेटवर किती आणि जंगलालगतच्या गावात किती, ह्यावरून मी त्याला मार्क देईन.

ह्याच अस्वलाच्या बाबतीत एक काम मात्र पूर्णपणे जमलंय आणि ते का जमलं हे बघण्यासारखं आहे. नाकातून तापलेली सळई घालून वेसण ओवलेली, दात तोडलेली नाचणारी अस्वलं शतकानुशतकं गावोगाव फिरत होती, १९७२ च्या कायद्यानं ते बेकायदा ठरलं तरी थांबलं नाही. ते थांबलं २००९ च्या सुमारास, वाइल्डलाइफ एसओएस ह्या वन्यप्राणी वाचवणाऱ्या संस्थेनं आग्र्याला आणि नंतर बेंगळुरूजवळच्या बन्नेरघट्टा पार्कात, म्हणजे तिथल्या सरकारी झू यंत्रणेच्या साथीनं, बचाव केंद्रं उभी केली आणि सहाशेच्या वर अस्वलं सोडवली. पण नुसती अस्वलं उचलून नेली असती तर ती नाचवून पोट भरणाऱ्या कलंदर जमातीच्या लोकांनी दुसरी पिल्लं आणली असती, पोटाचा प्रश्न होता. म्हणून त्यांना दुसऱ्या धंद्यासाठी मदत केली, त्यांच्या मुलांच्या शाळेचं बघितलं. सोडवलेल्या अस्वलांना जागा लागते, डॉक्टर लागतो, आयुष्यभराचं खाणं लागतं, तिथं झू कामी आलं, आणि माणसांमध्ये जाऊन वर्षानुवर्षं बसायचं काम संस्थेनं केलं. मला भागीदारी म्हणतात ती हीच वाटते, ज्याला जे येतं ते त्यानं केलं.

उलट उदाहरण इटलीतलं. ट्रेंटिनो भागात अस्वल संपत आलं होतं तेव्हा १९९९ ते २००२ मध्ये स्लोव्हेनियातून १० अस्वलं आणून सोडली. आधी लोकांचा कौल घेतला होता, ७० टक्क्यांहून जास्त लोक हो म्हणाले होते, म्हणजे जागृती, पाठिंबा सगळं कागदावर उत्तम. त्या १० मधल्या युर्का नावाच्या मादीच्या पिल्लांचं पुढं काय झालं ते बघा. ब्रुनो बव्हेरियात शिरला, २००६ मध्ये त्याला गोळी घातली आणि पेंढा भरून म्युनिकच्या म्युझियममध्ये ठेवला. दुसरा स्वित्झर्लंडमध्ये २००८ मध्ये मारला गेला. जेजे ४ नावाच्या मुलीनं एप्रिल २०२३ मध्ये डोंगरात पळायला गेलेल्या एका तरुणाचा जीव घेतला. युर्का स्वतः माणसांच्या फार जवळ यायला लागली म्हणून पकडली आणि जर्मनीतल्या ब्लॅक फॉरेस्टच्या अस्वल पार्कात गेली, २०२५ मध्ये तिची ही मुलगीही तिथंच आली. ७० टक्के लोकांचं 'हो' एकदा घेतलं आणि वही मिटली असं हे काम नव्हतं. अस्वलं वाढली, शंभराच्या घरात गेली, नवीन पिढी आली, पायवाटांवर पळणारे आले, त्यांच्याशी रोज, दरवर्षी, कंटाळा येईपर्यंत बोलत राहायला हवं होतं. म्हणून अशा भागीदारीचा करार तीन महिन्यांच्या सुट्टीपुरता असेल तर तो मला निरुपयोगी वाटतो, दहा वर्षांच्या खाली बोलूच नये.

झूच पूर्ण बंद करा म्हणणाऱ्यांचं मी ऐकलंय आणि त्यांचा मुद्दा ध्रुवीय अस्वलाच्या बाबतीत मला बराचसा मान्य आहे. पण मग जेजे ४ कुठं ठेवायची? दात तोडलेलं अस्वल रानात सोडून ते वारूळ कसं फोडणार? अशा अस्वलांसाठी जागा लागणारच, फक्त पाटीवर 'वय, वजन, आहार' लिहिण्याऐवजी ते इथं का आहे आणि कुणाच्या चुकीनं आहे हे लिहायला हवं. मुलं प्राणी बघून हळवी होतात आणि पुढं मोठी झाल्यावर निसर्गासाठी काहीतरी करतात हा झूवाल्यांचा आवडता दावा, अमेरिकन झू संघटनेनं २००७ मध्ये त्यावर मोठा अभ्यास काढला, भेटीनंतर लोकांची दृष्टी बदलते म्हणून. २०१० मध्ये दुसऱ्या संशोधकांनी त्याच्या पद्धतीवरच बोट ठेवलं आणि हा निष्कर्ष त्यातून निघत नाही असं सांगितलं. दृष्टी बदलली का, हे बाहेर पडताना विचारलं तर कोण नाही म्हणणार?

पैशाचंही एकदा स्पष्ट व्हावं. जायंट पांडाची जोडी ठेवायला अमेरिकी झू चीनला वर्षाला १० लाख डॉलरपर्यंत देत आलेत, ती रक्कम संवर्धनाला जावी अशी अट आहे. ह्या प्रकारावर टीका पुष्कळ आहे, पण निदान एक आकडा आहे, तो कुणीही विचारू शकतो. २०१६ मध्ये पांडाची जात 'एन्डेंजर्ड' ह्या जास्त धोक्याच्या वर्गातून एक पायरी खाली, 'व्हल्नरेबल'मध्ये आली, जंगलात १,८६४ पांडा मोजले गेले होते. सन बेअर किंवा स्लॉथ बेअरच्या नावानं किती झू असा आकडा लिहून देतील? तिकिटामागं अमुक इतके पैसे जंगलातल्या कामाला, हे गेटवर मोठ्या अक्षरात लिहा, मग मुखवटे वाटा हवे तेवढे.

आणि एक कलम मला अशा प्रत्येक करारात हवंय, की मोहिमेआधी आणि नंतर बाहेरच्या माणसानं मोजायचं, आणि निकाल वाईट आला तरी तो छापायचा, झूचं नाव खराब होईल म्हणून दाबायचा नाही. संस्थेलाही हे अवघड जातं, पुढचं अनुदान अडकतं. पण ॲस्पेनमधल्या संशोधकांनी 'बेअर अवेअर'चा फारसा उपयोग दिसला नाही असं उघड लिहिलं, म्हणून तर लेखी नोटिशीचं आपल्याला कळलं.